सॅन होजेत चांगला 'फऽ' कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे चार महिन्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आलेलं जोडपं. घरापासून तीन-चार मैलांत व्हिएतनामी नूडल सूपची, म्हणजे 'फऽ'ची, डझनभर दुकानं. एका ठिकाणी सूप अप्रतिम निघालं, दुसरीकडे नुसतं मसाल्याचं गरम पाणी. रेटिंग बघावं तर सगळ्यांचंच चारच्या वर. बीफ दोघंही खात नाहीत, काका चिकन खातात, काकू पूर्ण शाकाहारी. दुकान ओळखायचं कसं आणि तिथे मागायचं काय?

उच्चारापासून सुरू करू, कारण तो आपल्याला फुकटात जमतो. पाटीवर पी-एच-ओ ही अक्षरं असतात म्हणून सगळे 'फो' म्हणतात. व्हिएतनामी माणूस म्हणतो 'फऽ': आपल्या बाराखडीतला पहिला फ, ओठ दाताला लावून, जरा लांबवलेला आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा हेल काढलेला. गोऱ्या मंडळींना यासाठी सराव करावा लागतो, आपल्याला नाही.

आता मुद्द्याचं. ऑर्डर दिल्यापासून चार-पाच मिनिटांत वाडगा समोर येतो, कारण शिजवायचं ते सगळं आदल्या रात्रीच शिजलेलं असतं. चांगल्या दुकानात संध्याकाळी हाडं मोठ्या हंड्यात पडतात. आधी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळून ते पहिलं पाणी ओतून देतात, हाडं धुतात, मग नवीन पाण्यात मंद आचेवर ठेवतात. बीफचं सूप असेल तर आठ ते बारा तास, चिकनचं असेल तर तीन-चार तास. पहाटे मीठ, मासळीचं सॉस आणि खडीसाखर घालून चव बसवली की दुकान उघडतं. त्यानंतर दिवसभर त्याच हंड्यातून डाव भरले जातात. म्हणजे तुमच्या वाडग्यात काय येणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: काल रात्री हंड्यात खरंच हाडं पडली होती का, आणि तो हंडा आज किती वेगाने रिकामा होतोय. दुकान पारखताना जे काही बघायचं, ते या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी.

म्हणून पहिला सल्ला वेळेचा. व्हिएतनाममध्ये फऽ हा मुळात सकाळचा नाश्ता. हनोईत पहाटे दुकानं उघडतात आणि कित्येक ठिकाणी हंडा संपला की शटर खाली. सॅन होजेतही सकाळी आठ-नऊला उघडणारं दुकान रात्री दहापर्यंत चालणाऱ्या दुकानापेक्षा जास्त भरवशाचं. नवीन दुकानाची परीक्षा सकाळी नऊ ते अकरा या वेळात घ्या. तेव्हाही सूप पातळ लागलं तर त्या दुकानाला दुसरी संधी द्यायची गरज नाही. रात्री साडेआठला गेलात तर चांगल्या दुकानाचाही तुम्हाला खरा अंदाज येणार नाही: हंड्यातलं सूप आटून खारट झालेलं असतं, नाहीतर पुरवण्यासाठी त्यात पाणी वाढवलेलं असतं. रविवारी सकाळी आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं कुटुंब जिथे रांगेत उभं असतं, तिथे हंडा वेगाने रिकामा होत असणार हे उघड आहे.

जागेच्या बाबतीत तुमचं नशीब थोर. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यानंतर आलेल्या निर्वासितांपैकी पुष्कळ जण इथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे सॅन होजेत स्थिरावले, आणि आज शहरात लाखाच्या वर व्हिएतनामी आहेत. स्टोरी रोड, सेंटर रोड, टली रोड हा पट्टा धरा. तिथल्या दुकानाचं गिऱ्हाईक आठवड्यातून दोन-तीनदा फऽ खाणारं असतं आणि एकदा सूप बिघडलं की पुढच्या वेळी शेजारच्या दारात शिरतं. ऑफिसांच्या भागात, सॅलड आणि बोबा चहाच्या मधोमध जे फऽचं दुकान असतं, त्याला असा धाक नसतो. हाच नियम दुसऱ्या गावांनाही लागू: ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टरचा बोल्सा अ‍ॅव्हेन्यू, ह्यूस्टनचा बेलेअर, व्हर्जिनियातलं ईडन सेंटर, सिडनीचं कॅब्रामॅटा, मेलबर्नचं फुट्सक्रे, पॅरिसचा तेरावा विभाग. मराठी घरं या सगळ्या शहरांत आहेत, फक्त बहुतेकांची गाडी त्या बाजूला वळत नाही.

दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. फऽचं दुकान म्हणजे हंडा सांभाळणारा एक माणूस. मालकी बदलते, पाटी तीच राहते, आणि दोन महिन्यांत सूप वेगळं होतं. जुन्या शिफारशींवर विसंबून गेलेले लोक इथेच फसतात.

पाटीवरून मात्र बरंच कळतं. नावात एखादा आकडा असेल तर तो बहुतेकदा साल असतो: 54, 75, 79 असे. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतले आठ-दहा लाख लोक दक्षिणेत आले. फऽ त्यांच्याबरोबर सायगावात सगळीकडे पसरला. 1975 चं कारण वर आलंच. ऑरेंज काउंटीतल्या गार्डन ग्रोव्हमधल्या 'फऽ 79'ला 2019 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातल्या मानाच्या अमेरिकन संस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला, तेव्हा आकड्यांची नावं बाहेरच्यांच्याही ओळखीची झाली. नावात 'बाक' म्हणजे उत्तर, 'हा नोई' किंवा 'नाम दिन्ह' असेल तर उत्तरेकडची पद्धत: स्वच्छ, खारट अंगाचं सूप, भरपूर पातीचा कांदा, रुंद नूडल्स, आणि टेबलावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण. पानांचा ढीग मिळत नाही. दक्षिणेकडच्या पद्धतीत सूप गोडसर, मसाला जास्त, आणि सोबत ताटलीभर मोडाचे मूग, तुळशीच्या जातीची पानं, लिंबू, मिरची. सॅन होजेत बहुतेक दुकानं दक्षिणेकडची. एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी असं काही नाही, पण उत्तरेकडच्या दुकानात जाऊन 'पानं कुठायत' म्हणून एक तारा देणं हा मात्र अन्याय.

पण तुमच्यासाठी पाटीवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'गा', म्हणजे कोंबडी.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण बीफ न खाणारे इथेच चुकतात. बहुतेक दुकानांचा मुख्य हंडा बीफचा असतो. मेनूत चिकन फऽ असतो, पण कित्येक ठिकाणी तो म्हणजे बीफच्याच सुपात वरून टाकलेले उकडलेल्या चिकनचे तुकडे. लबाडी म्हणून नव्हे. दिवसाला चिकनच्या पंधरा-वीस वाडग्यांसाठी वेगळा हंडा चढवणं परवडत नाही, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा 'चिकन फऽ आहे का' हा प्रश्न निरुपयोगी. विचारायचं ते हे: 'सूप कोंबडीच्या हाडांचं आहे की बीफच्या?' इंग्रजीत सरळ विचारा, सॅन होजेत अडचण येत नाही. 'सेम ब्रॉथ' असं उत्तर आलं की उठायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर नाकाला विचारा. अस्सल चिकन फऽमध्ये मसाला अगदी बेताचा असतो: भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, धने, फार तर एखादं चक्रीफूल. चिकन म्हणून समोर आलेल्या वाडग्यातून चक्रीफूल-दालचिनीचा भपकारा आला आणि रंग चहासारखा तपकिरी असला तर ते सूप बीफच्या हंड्यातलं असण्याचीच शक्यता जास्त. कोंबडीचं सूप फिकट सोनेरी असतं आणि वर पिवळ्या तेलाचे बारीक थेंब तरंगतात.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे फक्त चिकन फऽच करणारं दुकान. मॅपमध्ये पी-एच-ओ, जागा सोडून जी-ए, असं टाइप करा आणि ज्यांच्या नावातच हे दोन शब्द आहेत ती दुकानं आधी बघा. तिथे हंडाच कोंबडीचा असतो. तरी मेनूत बीफचे पदार्थ दिसले तर विचारून खात्री करा.

अशा दुकानाच्या मेनूत 'गा दी बो' दिसलं तर दचकू नका. 'बो' म्हणजे बीफ हे तुम्ही एव्हाना शिकला असाल, पण 'दी बो' म्हणजे चालणं. 'गा दी बो' म्हणजे चालणारी, हिंडून दाणे टिपणारी कोंबडी. आपल्याकडे जिला गावरान म्हणतात ती. छापील मेनूत फरक दिसतो: बीफच्या 'ओ'वर नुसती एक तिरकी रेघ असते, चालण्याच्या 'ओ'वर टोपी आणि खाली टिंब. ही कोंबडी घट्ट मांसाची, पिवळ्या कातडीची. ब्रॉयलरची सवय असेल तर चिवट वाटेल, पण गावरानचं अळणी पाणी ज्याला आवडतं त्याने हीच मागवावी.

अळणी पाण्याचा उल्लेख सहज केलेला नाही. मराठी माणसाने फऽकडे बघायची योग्य खिडकी तीच आहे. तांबडा रस्सा मनात धरून गेलात तर पहिला घोट बेचव वाटेल आणि हात लाल सॉसकडे जाईल. मटणाच्या ताटाबरोबर छोट्या वाटीत जे अळणी येतं, त्यात आपण काय शोधतो? हाडाचा अर्क, किंचित तूपकटपणा आणि गिळल्यावर मागे राहणारी चव. तेच इथे शोधायचं. मसालेही घरचेच आहेत: चक्रीफूल म्हणजे आपलं बाद्यान, दालचिनी, लवंग, धने आणि मसाला वेलचीची एक मोठी चुलत बहीण. फरक कृतीत. आपण मसाला तेलात भाजून, वाटून रश्शात कायमचा सोडतो. इथे तो अख्खा, कोरडा भाजून, पुरचुंडीत बांधून शेवटच्या तासाभरासाठी हंड्यात सोडायचा आणि काढून घ्यायचा. कांदा आणि आलं मात्र वाटणासाठी भाजतो तसंच जाळावर, वरून काळं होईपर्यंत.

एक ढोबळ प्रमाण डोक्यात असलं की चवीचा हिशोब लागतो. दहा लिटर पाण्याला पाच किलो हाडं, दोन-तीन मोठे कांदे, शंभर-सव्वाशे ग्रॅम आलं, सहा-आठ चक्रीफुलं, दालचिनीचे दोन तुकडे, चार-पाच लवंगा, एक-दोन मोठ्या वेलच्या, चमचाभर धने, पन्नास ग्रॅमच्या आसपास खडीसाखर. हे झालं बीफच्या सुपाचं. चिकनला मसाला याच्या पाव आणि हाडांऐवजी दोन अख्ख्या कोंबड्या, वर दोन-अडीच किलो पाठी आणि पाय. अख्खी कोंबडी चाळीस मिनिटं मंद शिजवून काढतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे कातडी ताणलेली, कुरकुरीत लागते; मांस सोडवून हाडं परत हंड्यात. समोर आलेल्या चिकनची कातडी लिबलिबीत आणि मांस भुश्यासारखं असेल, तर कोंबडी बर्फात न घालता तशीच निववली आणि वाडग्यात पडेपर्यंत ती पुन्हा पुन्हा गरम होत राहिली असं समजा.

खर्च वाचवायचा असतो तेव्हा यातली हाडं कमी होतात आणि मसाला वाढतो. बाजारात फऽची तयार पेस्ट आणि पावडर मिळते. ती गरम पाण्यात ढवळली की वास हुबेहूब येतो. म्हणून दारातून आत शिरताना आलेल्या वासावर भाळू नका, वास ही फसवायला सगळ्यात सोपी गोष्ट. काढ्यासारखा मसाला डोक्यात जातोय आणि गिळल्यावर तोंडात मागे काहीच उरत नाही, असा अनुभव आला की समजायचं, काल रात्री या हंड्यात फारसं काही पडलं नव्हतं.

वाडगा समोर आला की काय करायचं? कशालाही हात लावण्याआधी तीन चमचे सूप, नुसतं. पहिला चमचा तापमानासाठी: ओठाला चटका बसायलाच हवा. कोमट असेल तर गार नूडल्सवर सूप ओतलंय, आणि त्या नूडल्स नीट निथळल्याही नसणार, म्हणजे सुपात पाणीही मिसळलंय. दुसरा चमचा चवीसाठी: आधी काय लागतं? मीठ किंवा साखर पुढे आली तर हात चुकलाय. कोंबडी पुढे आणि मीठ मागे, असं हवं. तिसरा गिळून दहा सेकंद थांबा आणि ओठ एकमेकांवर दाबा. किंचित चिकटले तर सुपात हाडांतलं जिलेटिन उतरलंय. पावडर ही चिकटी आणू शकत नाही.

गढूळ सूप दिसलं तर लगेच नाक मुरडू नका. हंडा मंद न ठेवता खळखळ उकळला की चरबीचे कण पाण्यात मिसळतात आणि सूप दुधाळ होतं. पहिलं पाणी ओतून दिलं नसेल तरीही होतं. पहिल्या प्रकारात चव चांगली असू शकते, दुसऱ्यात उग्र वास मारतो. तेव्हा निकाल जिभेचा धरा.

अजिनोमोटोबद्दल बरीच जणं विचारतात. जवळपास सगळी दुकानं थोडं घालतात, हनोईतलीही. त्याच्या असण्यानसण्यावरून दुकान तोलू नये. जेवणानंतर तासभर तहान लागत राहिली तर ती बहुधा मिठाची. मासळीच्या सॉसमध्ये मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर सगळं सूप संपवायचा हट्ट सोडा. पूर्ण वाडग्यात जवळजवळ अर्धा लिटर सूप असतं, आणि ते उरवणं इथे अपमान समजत नाहीत.

नूडल्स तांदळाच्या. ताज्या मिळाल्या तर फरक मोठा: मऊ, लुसलुशीत, आपल्या ताज्या शेवयांच्या जवळच्या. 'फ्रेश नूडल्स आहेत का' असं विचारा; काही ठिकाणी थोडे पैसे जास्त घेऊन देतात. ताज्या नूडल्स गरम पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवून झटकायच्या असतात. वाडग्याच्या तळाशी त्यांचा गोळा बसला असेल तर बुडवण्याची घाई झाली. चमच्याने तुटत असतील तर सकाळीच उकडून ठेवल्यात. आणि वाडगा आला की फोटो काढत बसू नका, पाच-सात मिनिटांत नूडल्स सूप पिऊन फुगतात. नूडल्स कमी हव्या असतील तर तसं सांगा. वाडगा लहान घेतलेलाच बरा, इथला मोठा आकार दोघांना पुरतो. मेनूत 'से लुआ', म्हणजे आगगाडी, असा आकार दिसला तर तो पोटाला तडस लागेपर्यंत खाणाऱ्या तरुण मुलांसाठी.

ताटलीतल्या पानांवरून स्वयंपाकघराची शिस्त कळते. तुळशीसारखी जांभळ्या दांड्याची पानं ताजी हवीत, कडेने काळी पडलेली नकोत. लांब, करवती काठाची पानं, ज्यांचा वास कोथिंबिरीच्या चौपट असतो, ती दिली असतील तर दुकान मनापासून चालवताहेत, कारण ती महाग पडतात. मूग पांढरेशुभ्र, मोडले की कट्कन वाजणारे हवेत. तुमच्या वयाला कच्चे मूग टाळलेलेच बरे, त्यावर जंतू लवकर वाढतात. 'ब्लांच्ड' मागा, गरम पाण्यातून काढून देतात, कुणी हसत नाही.

पानं खुडून, हाताने तोडून, थोडी थोडी घालायची. सगळी ताटली एकदम उलटली तर सूप थंड होतं. लिंबू अर्धा वाडगा झाल्यावर, एखादी फोड. काळं गोड सॉस आणि लाल तिखट सॉस वाडग्यात ओतू नका. छोट्या बशीत दोन्ही घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवून खा. सुपात ओतलं की चांगलं आणि वाईट सूप एकाच चवीचं लागतं. वाईट दुकानात अडकलात तर मात्र बेलाशक ओता. चिकनबरोबर मीठ-मिरपूड-लिंबाची किंवा आल्याच्या सॉसची वाटी मिळाली तर तीच वापरा. तिखटासाठी ताज्या मिरचीच्या चकत्या सगळ्यात बऱ्या, त्या सुपाची चव झाकत नाहीत.

आता काकूंचं. सामान्य दुकानात 'व्हेजिटेबल फऽ' असं लिहिलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. भाज्या आणि टोफू बीफच्या किंवा चिकनच्या सुपात, असाच त्याचा अर्थ पुष्कळदा निघतो; सूप भाज्यांचं असलं तरी मासळीचं सॉस पडलेलं असतं. खात्रीचा शब्द आहे 'चय', सी-एच-ए-वाय. 'फऽ चय' म्हणजे बौद्ध पद्धतीचा शाकाहारी फऽ. (कानाला तो 'चाय' लागतो, पण चहाशी त्याचा संबंध नाही.) पूर्ण 'चय' रेस्टॉरंट शोधा, सॅन होजेत ती बरीच आहेत. तिथे मासळीचं सॉसही सोयाबीनचं असतं, अंडं बहुधा नसतं, आणि काटेकोर जागी कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय. जैन मित्रांना नेणार असाल तर मात्र सांगा: सुपाचा पायाच पांढरा मुळा आणि गाजर हा आहे.

चय सूपही पारखता येतं. मुळा, गाजर, मक्याची कणसं, सुके मशरूम, कधी नासपती. दीड-दोन तास, त्याहून जास्त नाही, नाहीतर भाज्यांचा वास उग्र होतो. चांगल्या सुपात गोडवा कणसाचा आणि मुळ्याचा असतो आणि मागून मशरूमची खोल चव येते. साखर आणि चक्रीफूल एवढंच लागलं तर आळस केलाय. हाडं नसल्यामुळे ओठ चिकटण्याची परीक्षा इथे चालत नाही. खोट्या मांसाचे तुकडे बघून काकू बिचकतील. ते गव्हाच्या नाहीतर सोयाबीनच्या प्रथिनाचे असतात, नको असतील तर 'फक्त टोफू आणि मशरूम' सांगा.

एक सोय तुमच्या भिंतीवरच टांगलेली असेल. व्हिएतनामी बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. कालनिर्णयात अमावास्या आणि पौर्णिमा बघा, एखादा दिवस मागेपुढे होईल. त्या दिवशी चय दुकानं भरलेली असतात, हंडा दोनदा चढतो, आणि साधी दुकानंही खास चय पदार्थ करतात. गर्दी सोसायची तयारी असेल तर सूप सगळ्यात ताजं त्याच दिवशी मिळतं.

रेटिंगचा आकडा विसरा, अभिप्राय वाचा. 'सर्व्हिस तुसडी', 'फक्त कॅश', 'दुपारी तीनलाच संपलं' अशा कारणांनी कापलेले तारे ही जवळजवळ शिफारस आहे. 'पोर्शन प्रचंड, स्टाफ गोड' याने सुपाबद्दल काहीच कळत नाही. व्हिएतनामीत लिहिलेले अभिप्राय भाषांतर करून वाचा आणि त्यात सुपाबद्दल कोण काय म्हणतंय तेवढंच बघा. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत सूप पारदर्शक आहे का, वर तेलाचे थेंब आहेत का, हे दिसतं. मेनू जितका आखूड तितका बरा. दीडशे पदार्थ, त्यात जपानी तेरियाकी आणि थाई पाड थाय, म्हणजे हंड्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नाही. अपवाद आहेत. मोठ्या दुकानात शिरल्यावर आजूबाजूची टेबलं बघा: दहातल्या सात टेबलांवर फऽ दिसला तर मेनूची लांबी माफ. सगळे जण दुसरंच काही खात असतील, समजा गवती चहाच्या वासाचं लाल तिखट सूप, तर ते दुकान 'बुन बो ह्वे'चं आहे. त्यात बीफ, डुकराचं मांस आणि कोलंबीची पेस्ट असते, तुमच्या कामाचं नाही.

भारतात परतल्यावर मुंबई-पुण्यात फऽ मागवाल तेव्हा हीच फूटपट्टी लावा, पण अपेक्षा कमी ठेवून. तिथे तो पंचवीस पदार्थांतला एक असतो, हंडा रोज चढत नाही, बऱ्याचदा साध्या चिकन स्टॉकमध्ये ऑर्डरनंतर मसाला फिरवला जातो.

शेवटची परीक्षा घरी. एखाद्या दुकानाबद्दल मत होत नसेल तर चिकन फऽ पार्सल आणा. सूप वेगळ्या डब्यात देतात, नूडल्स वेगळ्या. नूडल्स चाळणीत घेऊन वरून उकळतं पाणी ओता, निथळू द्या, सूप खळखळ उकळी येईपर्यंत तापवा, मगच ओता. मायक्रोवेव्हमध्ये सगळं एकत्र कोंबलंत तर लापशी होईल. आणि जेवताना वाटीभर सूप बाजूला काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पिवळ्या चरबीचा पातळ थर आणि खाली वाटी हलवली की थरथरणारी जेली दिसली, तर त्या दुकानाचा पत्ता लिहून ठेवा. नुसतं पाणी हललं तर पुढच्या रविवारी शेजारचं दुकान.